आकृती १४ (अ)

सिद्रामप्पाला सोमवारी सकाळी साडेदहाला कामावरून काढून टाकण्यात आलं. पावणेअकराला तो आपल्या टाइपांच्या केसपाशी उभा राहून शिशाचे खिळे जुळवत होता, आणि त्याला काढलंय ही गोष्ट काढणाऱ्या मालकांसकट सगळा छापखाना विसरून गेला होता. तेव्हा आपणही विसरू.

दहा वाजता शंकरप्पा मालकांच्या टेबलावर एक पुस्तक उघडं पडलं होतं. 'घरगुती कांडीकाम', म्हणजे मागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या कशा भराव्यात ते, १९७४, लेखक विणकाम शाळेचे गुरुसिद्धप्पा मास्तर. चौदाव्या आकृतीत दोन फोटो शेजारी शेजारी. (अ) मध्ये एक बाई चरख्यावर पार ओणवी झालेली, (आ) मध्ये दुसरी ताठ. ओणवीच्या खाली छापलं होतं 'योग्य बैठक', ताठ बाईच्या खाली 'चुकीची बैठक'.

समोर बसलेल्या मास्तरांनी खिशातून पत्र काढलं. "करमाळ्याकडच्या वर्गाचं आहे. ऐका शंकरप्पा. 'योग्य बैठकीमुळे वर्गातील अठराही भगिनींच्या पाठी धरल्या आहेत. तरी चुकीचे बसण्यास परवानगी मिळावी.'"

मालकांनी हसू गिळलं आणि हाक मारली, "सिद्रामप्पा, हिकडं ये जरा."

सिद्रामप्पा हात पुसत आला. सव्वीस वर्षं इथंच खिळे जुळवत आलेला कंपोझिटर.

"हे चुकून झालं न्हवं?" मालकांनी विचारलं. विचारलं कसलं, विनवलं.

"न्हाय मालक."

"न्हाय म्हंजे?"

"चुकून कसं हुईल? मजकुरात सात जागी 'आकृती १४ अ पाहा' व्हतं. त्या सातीबी फिरवल्या. एक जरी ऱ्हायली असंल तर दाखवा की."

मास्तरांचं आदल्या दिवशीच शोधून झालं होतं. राहिली नव्हती. 'वाकून बसू नये, आकृती १४ आ पाहा', असं म्हणत पुस्तक सातही वेळा त्या ताठ बाईकडे बोट दाखवत होतं. शेवटचं प्रूफ पास झाल्यावर केलेली, इतकी बिनचूक चूक त्या छापखान्यात आजवर कुणी केली नव्हती.

"चुकून झालं म्हण की रे," मालक आवाज खाली आणून म्हणाले. "एका शब्दात मिटतंय."

"सव्वीस वर्सं झाली हितं. चुकून काय केलं न्हाय मी."

यावर मालकांनी त्याला काढलं. म्हणजे साडेदहा वाजले.

(अ) मधली बाई म्हणजे काशम्मा, सिद्रामप्पाची बायको. मास्तर फोटोवाल्याला घेऊन शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या बोळात आले, तेव्हा कांड्या भरणाऱ्या दोघीच घरी सापडल्या. शेजारच्या अंबुबाईनं आधीच सांगून टाकलं, "मी न्हाय बाबा चुकीचं बसनार. जावई शिकल्याला हाय माजा."

काशम्मा जन्मभर भिंतीला टेकल्यासारखी ताठ बसत आलेली. चार-चार तास चरखा फिरायचा, पण खांद्यावरचा पदर हलायचा नाही. ती म्हणाली, "इरली." कानडीतलं 'असू दे'. "कुनीतरी चुकीचं बसाया पायजे की."

मास्तर म्हणाले, वाका. ती वाकली. अजून वाका म्हणाले, अजून वाकली. जन्मात तिचा तेवढा एकच फोटो निघाला.

मार्गशीर्षात ती गेली. दोन दिवसांचा ताप. माघात पुस्तक कंपोझला आलं, आणि ब्लॉकच्या पुडक्यातून बायकोचा फोटो सिद्रामप्पाच्या हातात पहिल्यांदा पडला, जस्ताच्या ठशावर, उलटा. नाकातली चमकी भलत्या बाजूला गेली होती. पण कंपोझिटरला उलटं वाचायची सवय असते. त्यानं लगेच ओळखलं. मग एकेक खिळा उचलून त्यानं तिच्या खाली 'चुकीची बैठक' असं जुळवलं. प्रूफ निघालं. मास्तरांनी पास केलं. आणि जुळवलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढायच्या आधी सिद्रामप्पा खिळे उचलायचा चिमटा घेऊन परत त्याच्यावर वाकला.

असो. साडेदहा वाजून गेले होते.

"शुद्धिपत्रक लागणार," मास्तर म्हणाले, "आणि आजच."

मालकांनी उरलेल्या दोन कंपोझिटरांकडे पाहिलं. दोघंही लग्नपत्रिकांचे गडी. कंसातला अ आणि कंसातला आ एका ओळीत आले की त्यांना घाम फुटायचा. सिद्रामप्पा दाराशी चपला घालत होता.

"हितंच हायस व्हय अजून?" मालक म्हणाले. "बरं झालं. एवढं जुळव."

त्यानं चपला काढल्या.

दुपारपर्यंत त्यानं नऊ नोंदी जुळवल्या. सात मजकुरातल्या, दोन फोटोंखालच्या. काशम्माला पुन्हा चुकीचं बसवलं. अंबुबाईला तिच्या शिकलेल्या जावयासकट योग्य केलं. डबा तसाच राहिला.

मालकांनी प्रूफ वाचलं. नोंदी दहा होत्या. दहावीवर त्यांनी पेन्सिल टेकवली आणि बराच वेळ तशीच धरली.

"आहे का काही?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाय. बिनचूक हाय," मालक म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पाचशे चिठ्ठ्या छापल्या. डिंक संपला होता म्हणून त्या पुस्तकांत नुसत्याच घालून दिल्या. बहुतेक पोस्टातच गळाल्या असणार. एक सिद्रामप्पाच्या घरी चरख्यावर होती. तिच्यातली शेवटची नोंद अशी:

'१०. आकृती १४ (अ) मधील स्त्री लेखकांच्या सूचनेवरून तशी बसली होती. एरवी ती ताठ बसत असे. तरी सर्व वाचकांनी याची नोंद घेऊन आपापल्या प्रतीतील फोटोत त्याप्रमाणे दुरुस्ती करून घ्यावी, ही विनंती.'