अर्धा सूर खाली

मी पियानो बोलतोय. न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे वस्तीत एका अरुंद घराच्या पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या. इथली हवा बाराही महिने ओली असते आणि लाकडाला ती मानवत नाही.

तरुणपणी मी एका चर्चमध्ये वाजलो. तिथून अर्नेस्टीनकडे आलो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि घरी आली की बूट काढायच्या आधी माझं झाकण उघडायची. तिचं एक आवडतं गाणं होतं, नदीपलीकडे गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या बाईचं. इथल्या प्रत्येक जॅझवाल्याला ते येतं.

एका दमट उन्हाळ्यात माझ्या तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांची फळी तडकली. सूर लावणारे ब्रूसार्ड म्हणाले, "बाई, हा आता पूर्ण ताण सोसणार नाही. सगळेच सूर अर्ध्याने, म्हणजे एकेका पट्टीने, उतरवतो. घरात वाजवायला चालेल."

"उतरवा," अर्नेस्टीन हसली. "माझा गळा तरी आता कुठे वर चढतोय!"

पुढे ती आजारी पडली. अंथरूण धरण्याआधी तिने ते गाणं माझ्या साथीने कॅसेटवर भरून ठेवलं. मग ती गेली. तिची मुलगी डेल्फीन पंधरा वर्षांची होती. डेल्फीनचा मामा अल्सीड आपला माणसाएवढा उंच बास, ते खर्जातलं तंतुवाद्य, घेऊन आमच्याकडे राहायला आला.

डेल्फीन ते गाणं कॅसेट ऐकून शिकली. तिचा कान फार तयार. आई जिथे श्वास घ्यायची तिथे तिची बोटंही थांबायची. पण मी अर्धा सूर खाली आहे हे तिला कोणी सांगितलंच नाही. मला ते सांगता आलं असतं तर!

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये वादक जमतात, नव्या मुलांनाही बसू देतात. गाण्याचं नाव घ्यायचं, बोटांनी चुटक्या वाजवायच्या आणि सुरू व्हायचं. एका रविवारी मामा डेल्फीनला तिथल्या पियानोवर वाजवायला घेऊन गेला. मी अर्थातच घरी होतो. तिथे काय झालं ते परत आल्यावरच्या भांडणातून मला कळलं.

"अगं, सुरुवात झकास केलीस. मग मध्येच हात का हलवलेस?"

"सगळं चढं लागत होतं, मामा! आईचं गाणं नव्हतंच ते. मला वाटलं मीच चुकतेय, म्हणून एक पट्टी खाली सरकले."

"आणि सगळ्यांशी भांडण काढलंस."

"ड्रमवाले पर्सीकाका म्हणाले, 'पोरी, कुठल्या गावाला निघालीस? आम्ही इथेच आहोत.' सगळे हसले. तूसुद्धा!"

मामाने खिशातून सूर जुळवायची शिट्टी काढली, फुंकली आणि माझी एक पट्टी दाबली. त्याचा चेहरा उतरला.

"अरे देवा. हा डबाच खाली आहे! मी घरात बास याच्याशीच जुळवतो, माझ्या लक्षातच आलं नाही. उद्याच ब्रूसार्डला बोलावतो. वर चढवून देईल."

"मोडला तर?"

"मोडला तर मोडला. लाकूड आहे, बाळा."

माझ्या तडकलेल्या फळीत कळ उठली.

"आणि आईची कॅसेट? ती मग याच्याशी कधीच जुळणार नाही."

"तुला माणसांबरोबर वाजवायचंय की कॅसेटबरोबर?"

"कॅसेटबरोबर!" तिने माझं झाकण आपटलं.

मामाने ब्रूसार्डना बोलावणं लांबणीवर टाकलं. डेल्फीनने हॉलचं नाव टाकलं. रोज दार लावून ती आईबरोबर वाजवायची. पण मला काहीतरी खुपू लागलं. अर्नेस्टीन जिवंतपणी कधी एकसारखी गायची नाही. कुणी पुढे पळालं तर हसून त्याला गाठायची, कुणी रेंगाळलं तर थांबायची. कॅसेट थांबत नव्हती.

एका दुपारी डेल्फीनची बोटं आईच्या श्वासापाशी थांबलीच नाहीत. त्यांना पुढे काहीतरी सापडलं होतं. आवाज मागे राहिला. ती दचकली, परत फिरली, पण तोवर आईने पुढची ओळ घेतली होती. डेल्फीनने कॅसेट बंद केली आणि माझ्या पट्ट्यांवर डोकं टेकून रडली.

मग तिने डोळे पुसले आणि हात एक पट्टी वर सरकवले. माझ्या उतरलेल्या तारांतून हॉलचा सूर निघाला. बोटं अडखळत होती, काळ्या पट्ट्यांवरून घसरत होती.

मामा हातातला राजम्याचा डाव तसाच घेऊन दारात आला. "हा तर हॉलचा सूर!"

"ब्रूसार्डना नको बोलावूस, मामा. घरी मी अशी सरकून वाजवीन."

"दुप्पट मेहनत आहे, पोरी."

"असू दे."

त्याने डाव खिडकीत ठेवला, बास ओढून घेतला आणि या खोलीत प्रथमच तो माझ्याशी न जुळवता शिट्टीशी जुळवला. "चल. आणि पळू नकोस, मी म्हातारा आहे."

ती पुन्हा हॉलमध्ये जाते. अजून चुकते, कधीकधी रडवेली होऊन परत येते. माझी फळी दर उन्हाळ्यात थोडी अधिक उकलते. किती दिवस उभा राहीन, सांगता येत नाही.

पण एखाद्या दुपारी ती कॅसेट लावते आणि वाजवत मात्र नाही. हात मांडीवर ठेवते, पायाने फक्त पेडल दाबून धरते. माझ्या तारा मोकळ्या होतात. अर्नेस्टीन गाऊ लागते आणि कुणी हात न लावता, आमचा सूर एकच असल्याने तिच्या आवाजाने त्या आपोआप गुणगुणू लागतात. डेल्फीन कान माझ्या लाकडाला लावते.

म्हणून हात जोडून सांगतो, माझे सूर वर चढवू नका. आहे तिथेच राहू द्या मला.