पाचवी ओवी

साजगावच्या कारखान्यांत पोरांच्या पाळ्या चालू होत्या, तोवर गाव शांत होतं. नळ कोरडे होते, पण पगार ओला होता. बायका टेंपोवरून पाण्याचे जार घ्यायच्या आणि सरपंचाला शिव्या द्यायच्या, दोन्ही सवडीनं. मग कंत्राटी पोरांना घरी बसवलं. पगार थांबला, जार थांबले, आणि गावाला एकदम सरपंच दिसायला लागला.

तेव्हा सरपंच होता मालोजी. त्याच्यावर हंडा मोर्चा नेला जयवंतानं. जयवंता म्हणजे आसपासच्या गावांचा हळदीचा गळा. लग्नघरी जात्यावर हळद दळायची ती तिच्याच ओवीवर. ती ओळ सांगायची, बाकीच्या झील धरायच्या. घोषणा द्यायची बायकांना लाज वाटत होती, म्हणून तिनं मोर्चासाठी ओव्याच बांधल्या. चार घरी बांधलेल्या. पाचवी पंचायतीच्या पायरीशी, हंड्यांच्या दणदणाटात सुचलेली. ती ऐकून मालोजी उतरला तो उतरलाच. पोटनिवडणुकीत जयवंता खुर्चीत बसली. खुर्चीवरचा टॉवेल तेवढा बदलला.

नवा पाईप आला, नवे नळ आले. पाणी यायचं राहिलं. मोटारीला वीज नव्हती, विजेला सही नव्हती, सहीला साहेब जागेवर नव्हता. जयवंतानं चपला झिजवल्या, तेव्हा कुठं सही झाली आणि सोमवारी वीज जोडतो असा निरोप आला. तिनं तो हरखून गावाला सांगितला. मालोजीही जाता जाता सोमवारच सांगून गेला होता, हे तिला नंतर आठवलं. गावाला आधी.

शनिवारी मोर्चा आला. पुढं छाया, जयवंताच्या शेजारी बसून जन्मभर झील धरलेली, आता उपसरपंच. तिच्या मागं, खांद्यावर हंडा घेऊन, मालोजी.

जयवंता पायरीवर येऊन उभी राहिली. छायानं ओवी उचलली, जरा खालच्या पट्टीत. ही पट्टी चौथीला नडणार, असं जयवंताच्या मनात आलं, आणि नडलीच. तिसरीला तिचा पाय ताल धरत होता. तिनं तो पदराआड दाबून धरला.

चौथी संपली आणि हंडे थांबले. पाचवी कुणालाच येईना.

“पुढं काय गं?” छायानं खालून विचारलं, हळदीत विचारावं तसं.

“मलाच काय इचारतेस? माझ्यावरच आलीस ना?”

“मग कुणाला इचारू? ओवी तुझी हाय. आन अर्धी तर ठेवायची नाय.”

हे खरं होतं. अर्धी ओवी जात्यात राहिली की नवरी माघारी येते, हे जयवंतानंच पोरीबाळींना दरडावून शिकवलेलं. तिनं सोमवारपर्यंत थांबायला सांगून पाहिलं. सही खरंच झालीय, म्हणाली.

“मी बी खरंच बोललो व्हतो, जयवंता,” मालोजी म्हणाला. “तवा तू थांबलीस का?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

आठवत नाही म्हटलं असतं, तर मोर्चा तिथंच विरला असता. पण समोर सगळ्या हंडे कमरेला लावून, तोंडं वर करून उभ्या होत्या, चोच उघडलेल्या पिल्लांगत. जयवंतानं घसा खाकरला आणि चढी पट्टी लावली:

“पाचवी माझी ओवी, पायरीशी येऊन थांबली,
ऊठ गं सरपंचबाई, खुर्चीखाली नळी दबली.”

झील अशी उसळली की छपरावरची कबुतरं उडाली. गाताना मालोजीच्या वेळच्या ‘सरपंचदादा’च्या जागी आपणच ‘बाई’ जुळवून घेतलं, हे जयवंताला नंतर कळलं. राजीनामा तिनं त्याच दुपारी दिला. कारभार छायाकडं गेला.

सोमवारी वीज आली. नळ खोकले, तांबडं ओकले, मग स्वच्छ धार लागली. गावानं छायाला हार घातला. खुर्ची हलली तशी नळी सुटली, ओवी खरी झाली, असं मालोजी ज्याला त्याला सांगत होता.

जयवंता रांगेत उभी राहून आपला हंडा भरून घेत होती. छाया अवघडून जवळ आली. जयवंतानं हंडा कमरेवर घेतला, पदर सावरला.

“पाचवी पाठ करून ठेव गं,” ती मायेनं म्हणाली. “आता तुला लागंल.”