काटू द्या

ईटमध्ये दैवशालाबाईशी वाद घालायला निघायचं तर आधी पोटभर जेवून निघावं, असं रामहरी म्हणायचे, आणि रामहरी तर तिचे सख्खे नवरे. बाई मनानं वाईट नव्हती. पण एकदा तिला एखादी गोष्ट पटली नाही की नाहीच पटली. मग समोर तलाठी असो, नाहीतर खव्याचा व्यापारी असो.

तिची खव्याची भट्टी होती. सकाळी गावातलं दूध यायचं, कढई चढायची, आणि दूध आटून गोळा होईपर्यंत बाईचा हात उलथन्यावरून हलायचा नाही. तेव्हा फोन वाजू दे, पाव्हणा येऊ दे, ती मान वर करायची नाही. कारण नजर हटली की बुडाला लागलंच. पण दुपारी कढया घासून पालथ्या पडल्या की ती शेडमधल्या बाजेवर बसायची, चष्मा चढवायची आणि फोनवर ‘रणदरबार’ उघडायची.

हे रणदरबार म्हणजे पत्त्यांचा खेळ. आपापल्या पसंतीचा गठ्ठा जुळवायचा, त्यात भालदार, घोडेस्वार, तोफा, हत्ती घालायचे, आणि डोकं चालवून समोरच्याचा गड घ्यायचा. खेळ फुकट. भारी पत्ते मात्र दोनच वाटांनी मिळायचे: एक तर पैसे मोजा, नाहीतर महिनोन्‌महिने खेळून एकेक पान जिंका. दैवशालाबाईनं कधी रुपया घातला नाही. परवडत नव्हतं असं नाही, पण जिंकून आणलेल्या पानाचा तिला लई अभिमान. लेक अर्पिता लग्न होऊन गेली तेव्हा जाता जाता तिनं आईला हा खेळ शिकवला होता, घर सुनं वाटू नये म्हणून. आणि खरंच, चार वर्षांत आई तालुक्यातल्या पोरासोरांना पाणी पाजायला लागली.

तिचं सगळ्यात लाडकं पान कोणतं म्हणाल, तर ‘बुरुजावरची म्हातारी’. खेळात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी फुकट मिळायचं, म्हणून त्याला कुणी हुंगायचं नाही. म्हातारी काय करायची, तर गड पडायला आला की वरून उकळतं तेल ओतायची, बस्स. लोक तिला पहिल्या आठवड्यात गठ्ठ्यातून काढून टाकायचे. दैवशालाबाईनं तिला ठेवून घेतलं आणि तिच्या जिवावर मोठमोठे हत्ती परत पाठवले.

बिनसलं ते खेळाचा नवा हंगाम सुरू झाल्यावर. बाईच्या ध्यानात आलं की समोर पैसे घालणारा खेळाडू आला की आपली चांगली पानं काही केल्या हातात येत नाहीत. गड पडून गेल्यावर हत्ती येतोय, तोफ येतच नाही. नशीब म्हणावं तर रोजच कसं फिरेल? तिनं कंपनीला विचारलं, की पत्ते पिसतं कोण? उत्तर आलं, आपले मत आमच्यासाठी मौल्यवान आहे. तिनं परत विचारलं. परत तेच. मग तिनं रागानं नुसत्याच शिव्या लिहून पाठवल्या, तर त्याही मौल्यवान निघाल्या. तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

खेळातच एक ‘मतकट्टा’ होता, खेळाडूंनी एक ते पाच तारे देऊन आपलं मत मांडायचं पान. तिथं तिनं लिहिलं: ‘पत्ते कोन पिसतं ते दिसत न्हाय. काटायला तर कुनी बसलेलंच न्हाय. आमच्या म्हायेरी ज्या डावात काटू देत न्हाईत तिथं आमी पान उचलत न्हाय. आमाला काटू द्या. एक तारा.’

आणि तिथं गर्दी लोटली. जळकोटच्या हायवेवर पंक्चर काढणाऱ्या बलभीमनं लिहिलं, काकू, माझं बी सेम हाय. तुळजापूरच्या एका मास्तरणीनं लिहिलं, की मला वाटत होतं मलाच खेळता येत नाही. कुण्या एका पैसेवाल्यानं मात्र लिहिलं, फुकट मिळतंय ना, मग गप खेळा की. त्याला बाईनं तिथल्या तिथं जबाब दिला: ‘आमी फुकटवाले हरायला न्हाय बसलो तर तू जिंकनार कुनाला, बाबा? आमीच तुमचा खेळ हाव.’ हे वाक्य पाच जिल्ह्यांत फिरलं. लोक आपलं मत सोडून तिचंच चिकटवायला लागले.

मग एका दुपारी उत्कर्ष आला.

उत्कर्ष म्हणजे तिच्या भावाचा पोरगा, सास्तूरचा. बारावीपर्यंत दोन वर्षं तो आत्याकडेच राहिला होता. तिच्या हातचा खवा खाऊन, तिच्याच शिव्या खाऊन शिकला आणि पुण्याला लागला. कुठं, तर हे रणदरबार बनवणाऱ्या कंपनीत. मतकट्टा सांभाळायचं काम त्याच्याकडं होतं; कुठलं मत ठेवायचं, कुठलं काढायचं, तो बघायचा. आत्या आपला खेळ खेळते म्हणून त्यानं एकदा कौतुकानं साहेबाला सांगितलं होतं. तेच आता अंगाशी आलं होतं.

चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि पोरगं मान खाली घालून मुद्द्यावर आलं. नुसतं ते मत काढून चालणार नव्हतं, लोकांनी बोंब मारली असती. आत्यानं स्वतःच्या हातानं ते बदलावं, गैरसमज झाला होता असं लिहावं आणि पाच तारे द्यावेत, असं साहेबाचं म्हणणं होतं. तसं केलं तर उत्कर्षची नोकरी पक्की होणार होती आणि आत्याला पाहिजे ते पान मिळणार होतं. नाही केलं तर नियम मोडल्याचं कारण लावून तिचं खातं बंद. चार वर्षांची सगळी पानं जाणार. आणि उत्कर्षचं काय होईल ते त्यानं सांगितलं नाही. आत्यालाच ते कळलं.

“त्यात खरंच काय काळंबेरं हाय का?” तिनं विचारलं.

“मला माहीत नाही, आत्या. खरंच माहीत नाही. पत्ते पिसणारी माणसं वेगळ्या मजल्यावर बसतात. आम्हाला बी दाखवत नाहीत.”

पोराच्या शर्टाची कॉलर घासून पांढरी पडली होती, तिकडं दैवशालाबाईचं लक्ष गेलं. एक तारा काय अन्‌ पाच तारे काय, द्यावेत ठोकून, असंही तिच्या मनात आलं. मग ती उठली आणि फळीवरून पत्त्यांचा कॅट काढून आणला. आधी मेंढीकोटचे दोन-तीन डाव होऊ दे, मग सांगते, म्हणाली. रामहरींना हाक मारली. शेजारच्या विठाबाई दुधाची किटली न्यायला आल्या होत्या, त्यांनाही बसवलं. आत्या आणि रामहरी एकीकडं, उत्कर्ष आणि विठाबाई दुसरीकडं.

आत्यानं पत्ते पिसले आणि काटायला न देताच वाटून टाकले.

रामहरींनी चमकून बघितलं. कारण या घरात असं कधी घडलं नव्हतं. ही शिस्त तिच्या माहेरची, तिच्या वडिलांची, हिंमतरावांची. भूकंपानंतर सास्तूरची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली तेव्हा कुठल्या कुठल्या गल्लीतली घरं शेजारी शेजारी आली होती. रोज काहीतरी वाटलं जायचं आणि रोज संशय यायचा, की त्याला जास्त गेलं, मला कमी आलं. दिवस कटेना म्हणून माणसं पत्ते खेळायची, तर तिथंही तेच भांडण. तेव्हा हिंमतरावांनी दंडक घातला: पिसणाऱ्यानं काटायचं नाही. पिसलेला गठ्ठा शेजारच्यापुढं ठेवायचा, त्यानं वरची पानं उचलून बाजूला काढायची, खालची त्यांच्यावर चढवायची, मगच वाटप. काटल्याशिवाय कुणी पान उचललं तर डाव मोडला. भांडणं तिथंच संपली. उत्कर्ष हा दंडक आबांच्या, म्हणजे या आजोबांच्याच मांडीवर बसून शिकला होता.

पण आज तो अवघडला होता. आत्याची मर्जी सांभाळायची होती. त्यानं गुपचूप पानं उचलली.

पहिला डाव आत्यानं मारला. दुसऱ्यालाही तिनंच पिसले, तिनंच वाटले, कुणाला हात लावू दिला नाही. हुकूम तिच्याकडं, एक्के रामहरींकडं, चारही दश्श्या त्यांच्याच घरात. मेंढीकोट! विठाबाईंनी पानं आपटली आणि उत्कर्षकडं असं बघितलं, की जणू त्याचाच दोष. तिसऱ्यांदा आत्यानं गठ्ठा पिसला आणि वाटायला हात उचलला, तेव्हा उत्कर्षनं गठ्ठ्यावर तळहात ठेवला.

“आत्या, काटू द्या.”

“का रं? माझ्यावर इश्वास न्हाय?”

“तसं नाही. पण असं कसं? आबांच्या वेळेपासनं...”

“फुकट खेळतूयस न्हवं? मग गप खेळ की.”

उत्कर्षचा चेहरा कानापर्यंत तापला. हात मात्र त्यानं काढला नाही. रामहरी छपराकडं बघायला लागले. विठाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण कुठंतरी लागलंय एवढं त्यांनाही समजलं.

“देवाशपथ सांगते, म्या पत्त्यात काय बी केलेलं न्हाय,” आत्या म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “जशी आली तशी वाटली. पन ते तुला कसं कळावं? दोन डावात तुझा हात गठ्ठ्यावर आला. अन्‌ आमी इतके दिवस नुसतं काटू द्या म्हनतोय, तर आमी नियम मोडनारे?”

उत्कर्ष म्हणाला, “आणि माझं काय, आत्या?”

तिनं हात पुढं करून त्याचं डोकं दाबलं, बारावीला तापानं फणफणला होता तेव्हा दाबायची तसं. म्हणाली, तुझी नोकरी माझ्यामुळं गेली तर मी रडीन. लई रडीन. तुला इथं कढईवर उभा करीन, खायला घालीन, तुझ्या बापाच्या शिव्या मी खाईन. पण जे मला खोटं वाटत नाही त्याला मी गैरसमज झाला असं लिहिणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. आणि उद्या साहेबानं विचारलं तर आत्या लई खट हाय, ऐकत नाही, असं बिनधास्त सांग. ते तर खरंच आहे.

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. जाताना त्यानं पाया पडून खव्याची पुडी घेतली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. गाडी वळेपर्यंत ती रस्त्यात उभी होती. चूक केली का आपण, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. रामहरींना तिनं तसं विचारलंही. ते म्हणाले, चूक असंल तर व्हईल दुरुस्त, खोटं लिहिलं असतंस तर रोज जेवताना बोलली असतीस.

त्याच आठवड्यात खातं बंद झालं. दुपारी बाजेवर बसून तिनं खेळ उघडला, तर लाल अक्षरं: नियमभंग. आत शिरता येईना. पानं गेली, तोफ गेली, हत्ती गेले, बुरुजावरची म्हातारी गेली. दैवशालाबाईनं फोन उशीखाली कोंबला आणि पदर तोंडाला लावून खरंच रडली. खेळासाठी काय रडायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. चार वर्षं सुन्या घरात दुपारी तिच्याशी बोलायला तेवढंच होतं.

पण ती कितीशी रडणार? थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, फोन परत काढला आणि तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. अहो, खेळ फुकट आहे की! फुकटच्या दाराला कुलूप कसलं? तिनं रामहरींचा नंबर घालून नवं खातं काढलं. नाव दिलं, दैवशाला ईटकर, परत आली. गठ्ठा रिकामा होता. भालदार, प्यादी, असली पहिल्या दिवशीची फुटकळ पानं खेळानं तिच्या पुढ्यात टाकली. आणि त्यांत, सगळ्यांना मिळते तशी, बुरुजावरची म्हातारी होती.

“आलीस व्हय,” बाई म्हणाली, आणि लगेच मतकट्ट्यावर जाऊन तिनं आधीचं मत अक्षर न्‌ अक्षर परत लिहिलं. खाली फक्त एक ओळ वाढवली: ‘खातं बंद केलं तरी मत बंद झालं न्हाय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी कढईत दूध उकळायला लागलं होतं आणि फोन वाजला. उत्कर्षचा होता. भट्टीवर असताना ती फोन घेत नसे, पण त्या दिवशी रामहरींनी तो तिच्या कानाला लावून धरला. ती एका हातानं ढवळत राहिली.

“आत्या, तुमचं नवं मत माझ्यापुढं आलंय. काढून टाक म्हणून साहेबाचा निरोप पण आलाय.”

उलथनं फिरत होतं. “मग?”

“राहू दिलंय. साहेबाला म्हणालो, आपणच पिसणार आणि आपणच काटणार, हे मला जमणार नाही. आमच्या घरात ते चालत नाही. आता वर बोलावलंय.”

दैवशालाबाईचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा कढईवर थांबला. दुधाचा जळका वास वर यायला लागला तेव्हा ती भानावर आली आणि जोरजोरानं ढवळायला लागली.

“जा मग वर,” ती म्हणाली. “मान वर करून जा. अन्‌ काय बी झालं तरी आधी इकडं ये. आज खवा जरा करपलाय, पन तुझ्यासाठी ठिवते.”