बागेतच तापणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर तापायचा तो फक्त बागेत. रस्त्यावर नाही, मेकॅनिकच्या दारात नाही, अंगणात नुसता चालू ठेवला तरी नाही. संत्र्यांच्या दोन ओळींमध्ये शिरून मागचं गवत कापायचं यंत्र फिरू लागलं, की थोड्याच वेळात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे निघायचा. आणि बागेत ट्रॅक्टर चालवायची सून. तेव्हा खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

खरं तर हा ट्रॅक्टर दादांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा. लहानखुरा, झाडांमधून अंग चोरून जाणारा. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लचवर पाय ठेवायला बंदी केली. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. गडी लावायची बोलणी सुरू झाली, तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. "घरात तरणीताठी सून असताना बाहेरचा कशाला? शिकवा हिला." दादांनी कुरकुरत शिकवलं. आणि ती अशी शिकली, की ट्रॅक्टरवर बसल्यावर तिला घर लहान वाटायचं आणि आपण मोठे. लग्न होऊन आल्यापासून इतकी खूश ती कधीच नव्हती.

दादांनी स्टीअरिंग दिलं, पण बोनेट दिलं नाही. रोज सकाळी काठी टेकत ते स्वतः यायचे, बोनेट उघडून कूलंट पाहायचे, तेल पाहायचे, पंख्याचा पट्टा बोटाने दाबून पाहायचे, बोनेट लावून चहाला आत जायचे. बागेत तापला तर बोनेटला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. एकदा त्यांनी स्वतः गरम रेडिएटरचं झाकण उघडून मनगट भाजून घेतलं होतं. तेव्हापासून कानाला खडा, तो स्वतःच्याही आणि सगळ्या घराच्याही. मग दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायचं काम चाले.

"पुन्हा तापवलास ना?" काटा चढून ट्रॅक्टर थांबला, की ओट्यावरून आवाज येई.

ती मागचं यंत्र बंद करी, इंजिनचा वेग कमी करून ट्रॅक्टर सावलीत उभा करी, काटा उतरेपर्यंत इंजिन हळू चालू ठेवी. पाणी आत फिरत राहिलं तर गरमी लवकर निघते, हे तिने मेकॅनिककडून ऐकलं होतं. पण दादांना वाटे, ही हट्टाने इंजिन चालू ठेवते.

चौथ्यांदा तापला, तेव्हा त्यांनी जेवताना निकाल दिला. "मेकॅनिक म्हणतो यंत्र ठीक आहे. मी रोज पाहतो, मीही म्हणतो ठीक आहे. मग उरलं कोण? नाचता येईना, अंगण वाकडं. परवापासून शेजाऱ्यांचा ड्रायव्हर येईल, मी बोलून ठेवलंय."

सुनेने हातातला घास ताटात परत ठेवला. परवापासून आपण पुन्हा घरातल्या घरातच, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. सासूबाई तिच्या ताटात भाजी वाढत म्हणाल्या, "उद्याचा दिवस आहे ना अजून?" त्या घरात तिची बाजू घेणारं तेवढंच एक माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपडे वाळत घालायला गेली. दोरीवर उशीच्या अभ्र्याशेजारी ताटाएवढं एक चौकोनी फडकं होतं. जुन्या मच्छरदाणीची दुहेरी जाळी, कडेला नीट शिवलेलं इलॅस्टिक. धुतलेलं होतं, पण शिवणीत गवताचं बारीक बी अडकलेलं.

"आई, हे कशाचं?"

सासूबाईंनी आधी ओट्याकडे पाहिलं. दादा पेपरात होते. मग त्या तिच्याजवळ आल्या आणि हळूच, पण भारी अभिमानाने म्हणाल्या, "ट्रॅक्टरचं. कापलेल्या गवताचा भुसा सगळा पुढच्या जाळीत जाऊन बसतो गं. ह्यांना वाकून काढता येत नाही, गुडघा धरून बसतात. म्हणून मीच शिवलं. हे चहाला आत आले की मी बोनेट उघडून आतून बसवते, संध्याकाळी काढून धुते. बघ ना, महिनाभर जाळीत काडी सापडली का त्यांना?"

"आणि मेकॅनिककडे नेताना?"

"तेव्हा काढते की. बाहेर जाताना आपण अंगावरचा कामाचा कपडा काढतो ना?"

सुनेला हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बागेत भुसा उडायचा, पंखा तो ओढायचा, दुहेरी जाळी गच्च भरायची आणि बिचारा ट्रॅक्टर नाक दाबल्यासारखा गुदमरायचा. सकाळी दादा पाहायचे तेव्हा फडकं नसायचं, मेकॅनिक पाहायचा तेव्हाही नसायचं.

आता नुसतं ओट्यावर जाऊन सांगायचं होतं. पण दादांची जीभ तिला माहीत होती. सासूबाईंनी फार वर्षांपूर्वी नव्या फ्रिजला पायघोळ झबलं शिवलं होतं, ती गोष्ट दादा आजही पाहुण्यांना चहासोबत वाढायचे. ट्रॅक्टरचं फडकं त्यांच्या हाती लागलं, तर त्या बाईची उरलेली वर्षं हसण्यावारी जातील. आणि न सांगावं, तर उद्या ड्रायव्हर येणार. आपली बाजू घेणाऱ्या बाईचं हसं करून आपली जागा राखायची? तिला ते पटेना.

"आई, आज तुम्ही बागेत चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "फडकं रोजच्यासारखं बसवा."

तिसरी ओळ संपता संपता काटा चढला. तिने मागचं यंत्र थांबवलं, ओट्यावरून न दिसणारी सावली गाठली, काटा निम्म्यावर येऊ दिला, मग इंजिन बंद केलं. चांगलं निवल्यावर तिने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने बोनेट उघडलं. दादांची ताकीद मोडली ती अशी. फडक्यावर भुशाची जाड गादी बसली होती. सासूबाईंनी ते ओढून काढलं. मग पुन्हा इंजिन चालू झालं. चौथी ओळ झाली, पाचवी झाली, सहावी झाली. काटा मधोमध ठाण मांडून बसला होता.

सासूबाई बांधावर उभ्या होत्या. हातातल्या फडक्याकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे मीच त्याला मुसकं बांधत होते."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. दर दोन ओळींनी थांबून जाळीवरून मऊ ब्रश फिरवला की झालं. दादांना काही सांगायचं नाही. फडकं गेलं, विषय संपला."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. फडक्याची घडी करून त्यांनी ती कमरेला खोचली.

संध्याकाळी दादा खुशीत सासूबाईंना म्हणाले, "दुपारनंतर तापला नाही. बघितलंस? ड्रायव्हर येणार म्हटल्यावर नीट चालवायला लागली. पण आता शब्द दिलाय. उद्या तो येईल."

सुनेने मान खाली घातली. आपण गप्प राहायचं ठरवलंय, हे ती स्वतःलाच बजावत होती आणि डोळे मात्र भरून येत होते.

सासूबाईंनी पोळपाट बाजूला सारला. आत गेल्या, ते फडकं घेऊन बाहेर आल्या आणि दादांच्या मांडीवर ठेवलं. "हे मी शिवलं, तुम्हाला वाकून जाळी साफ करावी लागू नये म्हणून. महिनाभर रोज त्याच्या तोंडावर बांधत होते, तुमची पाठ वळली की. त्याने तो तापायचा. हिने नाही तापवला, मी तापवला. हिला सकाळीच कळलं, पण माझं हसं होऊ नये म्हणून ही गप्प बसली."

दादांनी फडकं उलटसुलट केलं. इलॅस्टिक ताणून पाहिलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायला लागलं.

"हसायचं तर आत्ता हसून घ्या," सासूबाई म्हणाल्या, "पण एकदाच. पाहुण्यांसमोर नाही."

दादा हसले नाहीत. फडक्याच्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "माझ्या गुडघ्यासाठी केलंस हे?"

"मग कोणाच्या?"

सुनेकडे पाहायचं टाळत त्यांनी फोन उचलला, नंबर लावला आणि पलीकडून आवाज येताच म्हणाले, "हां, मी बोलतोय. उद्या येऊ नकोस बाबा. नाही, नाही, ट्रॅक्टर ठीक आहे. आमच्याकडे चालवणारी आहे."