कंदीलवाल्याची नोंद

विश्वकोशाच्या कचेरीत त्यांना पाठीमागे सगळे चाळणीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. खेळ आणि करमणूक हा विभाग त्यांच्याकडे होता. त्यांच्या टेबलावरून पुढे गेलेल्या नोंदीत कधी खडा सापडायचा नाही. अशा बाईंच्या हाताखाली त्यांचीच भावजय आणून बसवायची, ही अवदसा ज्याला आठवली त्याला कोपरापासून नमस्कार. दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. भावजय कचेरीत त्यांना मॅडम म्हणायची, तेही असं, की त्यापेक्षा शिवी परवडली.

कारण कचेरीला पाठ होतं. आईवडील गेल्यावर बाईंनी धाकट्या भावाला वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याला इंजिनिअरिंगला घातलं. आणि त्या गाढवानं काय करावं? एक जुना जपानी व्हिडिओ गेम घेऊन बसावं. जपानी नाव कुणाच्या जिभेला जमेना म्हणून सगळे त्याला कंदीलवाला म्हणत. एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन गल्लीतले दिवे लावत जातो आणि अंधारानं गाठायच्या आत त्याला गल्ली संपवायची असते. झालं, संपला खेळ. धाकट्यानं कॉलेज सोडलं, एक दिवस घर सोडलं, आणि पुढे तोच खेळ खेळणारी मुलगी शोधून लग्नही केलं. त्यानंतर तो बहिणीचा उंबरा चढला नाही. त्या खेळानं आणि या बयेनं माझा भाऊ गिळला, असं बाई उघड म्हणत.

आणि आता या बयेनं त्याच कंदीलवाल्याची नोंद लिहून आणली होती. ती वाचताना बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाईट लिहिली असती तर एक वेळ बरं होतं, पण मेलीनं चांगली लिहिली होती. बाईंनी मनाशी पक्कं केलं, की या एका गोष्टीत तरी हिला हरवायचं. भाऊ नेलास तो नेलास, कोशात पाय ठेवू देणार नाही.

नियम बाईंच्या बाजूनं होता. त्यांनीच तर तो लिहिला होता. एखादी गोष्ट चांगली की भिकार याच्याशी कोशाला कर्तव्य नाही. तिच्याबद्दल दोन त्रयस्थ माणसांनी नीट, सविस्तर लिहून छापलेलं हवं, आणि त्यातलं एक तरी आपल्याकडचं हवं. ओझरता उल्लेख चालत नाही. भावजयीनं एका परदेशी मासिकातला मोठा लेख मिळवला होता. आपल्याकडचा मात्र काही केल्या सापडत नव्हता.

बैठकीत मुख्य संपादकांनी नोंद पुढून मागून चाळली. भांडणाचा वास आला की ज्यांना चहा आठवतो, अशातले ते गृहस्थ. चहा मागवून झाल्यावर ते म्हणाले, की नोंद सुरेख आहे, पण एक लेख कमी पडतो, आणि नियमापुढे त्यांचाही इलाज नाही. बाई गप्प बसल्या होत्या. सुंठीवाचून खोकला जात होता, मग बोला कशाला?

भावजय कागद आवरता आवरता म्हणाली, “राहू द्या सर. त्या काळी आपल्याकडे या खेळावर लिहिण्याइतकी अक्कल कुणाला होती?”

इथं बाईंनी जीभ चावायची होती. पण कोशात येण्याआधी बाई वर्तमानपत्रात सदर लिहायच्या, आणि त्या सगळ्या सदरांत लोकांनी डोक्यावर घेतलेला लेख एकच, याच खेळाला झोडपणारा. लोक रस्त्यात थांबवून हसले होते. पुढे ते वर्तमानपत्र बंद पडलं, जुने अंक रद्दीत गेले, आणि जगात एकच कात्रण उरलं, बाईंच्या कचेरीतल्या कपाटात. अक्कल कुणाला होती म्हणे!

“मी लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “अर्धं पान. सालटी काढली होती तुझ्या कंदीलवाल्याची.”

मुख्य संपादक चपापले आणि म्हणाले, की मग प्रश्नच मिटला, सालटी काढलेली नियमात बसतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भावजय तर उघड हसली. बाईंना आता मागे फिरता येईना, आणि लेख दाखवायची खाजही जाईना. त्यांनी कात्रण आणून तिच्यापुढे आपटलं.

भावजय मोठ्यानं वाचू लागली. पहिल्या चार ओळी खेळाच्या होत्या. पुढे आलं, “आमच्या घरी एक बैल आहे. खातो आमच्याकडे, राबतो जपानात. जेवायला हाक मारली तर मान वर करत नाही. याचे आईबाप वेळेवर गेले. सुटले बिचारे.”

ती थांबली. उरलेलं तिनं मनात वाचलं. कुणी चहाला हात लावला नाही.

“सर, यात खेळावर चार ओळी आहेत,” ती म्हणाली. “बाकी सगळं माझ्या नवऱ्यावर आहे. हा उल्लेख ओझरता. धरू नका. नोंद मी मागे घेते.”

मुख्य संपादकांनी चाचरत सुचवलं, की ताणून बसवता येईल. ती म्हणाली, की असली तळटीप तिच्या नोंदीखाली लागणार नाही. मग तिनं कात्रण घडीवर घडी जुळवून बाईंच्या पुढ्यात ठेवलं. मॅडम म्हणणं ती विसरली.

“वन्सं, घर का सोडलंस, हे मी त्याला कितीदा विचारलं. त्यानं एकदाही सांगितलं नाही. माझ्या ताईबद्दल वाईट बोलू नकोस, एवढंच म्हणतो.”

ती निघून गेली. बाई जिंकल्या होत्या, पण अभिनंदन करायला कुणी पुढे झालं नाही. नोंद परत गेली की कारण विभागप्रमुखानं स्वतःच्या हातानं लिहायचं, असा रिवाज होता. मुख्य संपादकांनी खाली मान घालून कागद पुढे सरकवला. बाईंनी पेन उघडलं. मग त्यांनी लिहिलं, “या खेळाबद्दल आपल्याकडे कुणीही काही लिहिलेलं नाही,” आणि खाली सही केली.