उलायूच्या नवऱ्याचं नाव

उलायूचा नवरा कोआगाक वसंतात, उत्तर ध्रुवाकडचा बर्फ अजून वितळला नसताना, स्नोमोबाइल घेऊन राष्ट्रीय उद्यानाच्या खिंडीतून पलीकडच्या गावी निघाला, आणि पोचला नाही. शोधायला गेलेल्यांना त्याची मागे जोडलेली सामानाची घसरगाडी सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून उलायू रोज भाकरी भाजत होती, सीलचं कातडं ताणून वाळवत होती, चर्चला जात होती, आणि गाव म्हणत होतं, बाई खंबीर आहे. तिला त्या खंबीरपणाचा पत्ता नव्हता. विमानानं येणाऱ्या दातांच्या डॉक्टरचं बधिर करायचं इंजेक्शन उतरायचंच राहून जावं तसं झालं होतं; फक्त अंगभर.

अडचण झाली ती धाकट्या दिराच्या, जेपिटीच्या घरी. त्याच्या सुनेला, सीपोराला मुलगा झाला होता. गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तो माणूस घरात परत येतो, असं गाव मानतं. तोवर बाहेर गारठ्यात तहानलेला भटकतो. पण कोआगाकचं नाव द्यायचं, तर आधी तो गेला असं उलायूनं म्हणायला हवं. ती म्हणत नव्हती. बाळ बिननावाचं राहिलं होतं आणि रडून घर डोक्यावर घेत होतं.

“वहिनी, सीपोराच्या स्वप्नात आला होता तो,” जेपिटी म्हणाला. “चहा मागत होता. भरपूर साखर घालून.”

“नर्सनं साखर बंद केलीय त्याची. माझ्याकडे कुठल्या तोंडानं मागेल? लोकांच्या स्वप्नात जाऊन ढोसतो.”

“अगं, म्हणजे नाव मागतोय ना!”

“तिच्याकडे. बायको मी आहे.”

उन्हाळ्यात जेपिटी आपल्या होडीतून पाहुण्यांना खाडीच्या टोकाला, उद्यानात पोचवतो. एके दिवशी त्यानं उलायूलाही बसवलं. सोबत दक्षिणेकडचं एक जोडपं होतं. एकांतासाठी इतक्या लांब आलेली ती दोघं होडीत बसल्यापासून बोलायची थांबली नव्हती. अस्वल दिसलं तर काय करायचं, हे उद्यानाच्या कार्यालयातून शिकून आली होती. उलायूचा जन्म त्याच दरीतला. आपण उद्यानात बाळंत होतोय हे मात्र तिच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं.

किनाऱ्यावर पाटी होती : सोबत आणलेले सर्व परत न्यावे, मागे काहीही ठेवू नये.

“तुझ्या भावानं नियम मोडला,” उलायू म्हणाली. जेपिटी हसायला गेला आणि मध्येच थांबला.

घसरगाडी सापडली होती तिथे, नदीकाठी, ती उभी राहिली. रडू येईल म्हणून तिनं रुमाल काढून हातात धरला. हिमनदीचं राखाडी पाणी वाहत होतं. वाऱ्यानं दातात वाळू जात होती. रुमाल कोरडाच राहिला. तिनं एकदा त्याला हाकही मारून पाहिली.

जोडप्यातली बाई हळूच जवळ आली. “किती शांत आहे ना इथे! तुम्हाला काय वाटतंय?”

“मोजे ओले झालेत.”

बाईनं डोळे मिटून मान हलवली, जणू काही फार खोल ऐकलं.

उलायूनं दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तो नव्हता. इथे कोणीच नव्हतं; लोक येत होते तेच त्यासाठी. ती होडीत येऊन बसली.

“तिथे नाहीये तो,” ती जेपिटीला म्हणाली. “गेला.”

त्यानं इंजिनाची दोरी ओढली.

ती थेट त्याच्याच घरी गेली. सीपोरानं रडतं बाळ तिच्या हातात दिलं. बरोबर नाव कानावर पडलं की बाळ शांत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे श्वास रोखून उभे राहिले.

“कोआगाक,” उलायू म्हणाली.

बाळानं दुप्पट जोरात भोकाड पसरलं.

सीपोराचा चेहरा उतरला. “काकू, चुकलं का हो नाव?”

उलायूनं बाळाला उजेडाकडे धरून नीट न्याहाळलं.

“नाही गं, हाच तो. माझ्या एका हाकेत गप्प बसला असता, तर मला शंका आली असती.”