वाकड्या टोकाची नळी

भाच्याने नर्सिंगला नाव घातलं तेव्हा पहिलं बक्षीस मीच दिलं. कागदाची पांढरी टोपी, वर ठळक अक्षरात 'सिस्टर बारक्या'. अख्खं घर हसून लोळलं. सहा फुटी बारक्याही हसला.

आणि परवा, तो आता नर्स आहे त्याच वॉर्डात मी आडवा! सकाळपासून लघवी तुंबलेली, पोटाचा नगारा झालेला. डॉक्टरांनी दोनदा नळी घालून पाहिली, दोन्ही वेळा अडली. "आता पोटाला भोक पाडून घालावी लागेल," ते म्हणाले. माझी सगळी मस्करी तिथेच संपली.

"सर, एकदा मी बघू?" बारक्या म्हणाला. "वाकड्या टोकाची घेतो. आणि जरा जाड."

"गाढवा, बारीक जाईना तिथे जाड जाईल?"

"मामा, लहानपणी माझ्या पायजम्याची नाडी रोज कोण ओढून काढायचं?"

"...मी."

"आणि ओवायचं कोण? मी. मऊ नाडी नेफ्यात गोळा होते, पुढे ताठ काहीतरी लागतं. तुझी प्रोस्टेट फुगलीय. बारीक नळी तिथे दुमडतेय."

डॉक्टरांनी मान डोलावली. बारक्याने बधिर करणारी जेली आत सोडली आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला.

"घाल की रे! मुहूर्त बघतोस?"

"पाच मिनिटं. औषध लागू दे. तोवर तोंडाऐवजी पायाची बोटं हलव."

मग नळी आत निघाली, टोक वरच्या बाजूला धरलेलं. मधेच अडली. मी डोळे मिटले. आता हा रेटणार! पण पठ्ठ्याने रेटलं नाही. नुसता थांबला.

"मामा, लांब श्वास सोड."

सोडला. नळी सरकली, आणि पिशवीत धार लागली. अहाहा! अख्ख्या जन्मात एवढं सुख नाही. धार नीट वाहतेय बघूनच त्याने नळी निसटू नये म्हणून तिच्या टोकाशी असलेला फुगा पाण्याने भरला.

"पुढच्या वेळी आधी याला हाक मारा," डॉक्टर वॉर्डातल्या सिस्टरना म्हणाले.

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! पिशवी भरत आल्यावर मी ती कप जिंकल्यासारखी डोक्यावर धरली आणि वॉर्डभर ओरडलो, "हा माझा भाचा! नाड्या काढून काढून मी घडवलाय!"

"मामा, खाली!" बारक्या गरजला. "पिशवी वर धरली की सगळं उलटं आत जातं!"

घेतली खाली. ती टोपी आता माझ्या मापाची करून मागणार आहे, वर 'सिस्टर बारक्याचा मामा' असं लिहून.